रेघेच्या पलीकडचं घर

नाय, पन रेघ किती जाड असावी याला काय नियम हाय का नाय? संडासाच्या खिडकीला नियम हाय, जिन्याच्या पायरीला नियम हाय, मंग रेघेलाच का नाय? कारन तुमाला सांगतो, आमचं अर्धं घर रेघेखाली गेलं. लोकांची घरं पुराखाली जातात, दरडीखाली जातात, आमचं पेन्सिलीच्या रेघेखाली... थांबा, नीट सांगतो, नायतर तुमी म्हनाल हा हिरामन काय येड्यासारखा बोलतोय.

तर मी तळवलीचा. घनसोलीच्या बाजूची तळवली, ठाणे-बेलापूर रोडची. आमचं घर लांबलचक, कौलारू, आगगाडीच्या डब्यासारखं. एका टोकाला मी आनि माझी बायको गोजरा. दुसऱ्या टोकाला, रस्त्याच्या अंगाला, माझा थोरला भाऊ पोपटदादा आनि पुतळावयनी, त्यांची पोरं. आनि मधी काय? मधी भिंत नाय, कूड नाय, पडदा नाय. मधी फक्त आमच्या आयची खाट. बयाबाई. ती खाट म्हंजेच आमची हद्द.

हद्द कशाला लागली, तर आमी दोघं भाऊ बोलत नव्हतो. शेतं सरकारनं घेतली, काय कारखान्याला गेली, काय नव्या शहराला गेली. कारखान्यात मला नोकरी लागली, मी घेतली. दादानं नाय घेतली. दादा मोर्च्यात गेला, लाठी खाल्ली, आनि मंग खाडीत जाळं टाकून जगायला लागला. त्याचं म्हननं, बापाच्या शेतावर तू गेटपास दाखवून जातोस, तुला लाज नाय वाटत? मी म्हनलं, पोटाला काय सांगू? झालं. त्या दिवसापासनं अबोला. आता अबोला म्हंजे कसा, तर जेवायला बसलो आमी पाठीला पाठ करून, आनि दादा म्हननार, "आये, त्याला सांग, कंदील सारखा कर." मी तिथंच, हाताच्या अंतरावर. मी म्हननार, "आये, त्याला सांग, केला." आनि आय बिचारी मधी बसून दोनी वेळा मान हलवनार, टपालखात्यासारखी.

एक दिवस टपालखातं थकलं. आय म्हनाली, आता मधी भिंत घाला. दोन घरं करा, रीतसर. मला एक दार ठेवा भिंतीत, मी इकडं पन येईन, तिकडं पन जाईन. पन भिंत परवानगीनं घाला.

आता गावात परवानगी कोन काढतो, तुमीच सांगा? आमच्या शेजारचा मारोती, त्यानं शनिवारी विटा टाकल्या, रविवारी खोली उभी केली, सोमवारी भाडेकरू ठेवला. पन आयचं एकच. तुमच्या बापानं शेतं दिली तवा अंगठा लावला, कुनी त्याला वाचून दावलं नाय, आनि काय झालं बघा. आता जे करायचं ते सरकारला विचारून, म्हंजे मंग कोन आपल्याला हात लावनार नाय.

म्हनून मी गेलो नव्या शहराच्या ऑफिसात. तिथं दिनानाथ म्हनून क्लार्क होते. तुमाला सांगतो, सरकारी ऑफिसात इतका गोड मानूस मी बघितला नाय. कोन ओरडतं, कोन हाकलतं... हे उभे राहिले. खुर्ची दिली. अर्ज घेतला, दोनी हातांनी घेतला, जसं काय मी लग्नाची पत्रिका दिली. आनि म्हनाले, "एवढंच ना? घरातल्या घरात एक भिंत? तुमचं काम झालंच समजा."

मी समजलो. माझी चूक काय त्यात? मी घरी येऊन आयला सांगितलं, झालंच समज. आयनं दादाला सांगितलं.

मंग निघालं, भावाची सही पायजे. आता आली का पंचाईत? अर्ज घेऊन मी आयकडं, आय दादाकडं, दादा जाळं विनत बसलेला. त्यानं वाचलं नाय, विचारलं नाय, सही केली आनि आयला म्हनाला, त्याला सांग, दार मोठं ठेव, तुझी खाट गेली पायजे. बास. सही घेऊन ऑफिसात. दिनानाथ म्हनाले, "वा, वा. काम झालंच समजा." मंग निघालं, घराचा नकाशा पायजे. मंग निघालं, आजूबाजूच्या घरांचा पन पायजे. दर वेळी खुर्ची, दर वेळी पानी, आनि दर वेळी काम झालंच समजा. मला तर भीती वाटायला लागली, की हा मानूस एक दिवस चिडेल तवाच माझं काम होईल.

शेवटी साहेब आला जागा बघायला. नंदकुमार साहेब, तरुन इंजिनियर, दादरहून वाशीच्या फ्लॅटमधी राहायला आलेला. चांगला पोरगा, नाव ठेवायला जागा नाय. त्यानं टेप काढली, नकाशा पसरला, गोजरानं चहा दिला तो बाजूला ठेवून आधी काम. टेप धरून मोजत मोजत आला मधोमध, आनि आयला म्हनाला, "आजी, खाट जरा सरकवता का?" खाट सरकवली. साहेब खाली बसला. नकाशात बघितलं, जमिनीकडं बघितलं, परत नकाशात बघितलं. चहा गार झाला.

म्हनाला, "ही बघा रेघ. ही गावठाणाची हद्द. रेघेच्या आत गाव, बाहेर नवीन शहर. तुमचं इकडचं घर गावात आहे."

मी म्हनलं, आनि तिकडचं?

"तिकडचं..." साहेब म्हनाला, "तिकडचं नाही."

नाय म्हंजे? तिकडं पुतळावयनी उभी, हातात भाकरीचं पीठ. चूल पेटलेली. चुलीचा धूर आमच्या नाकात जातोय, आनि घर नाय?

साहेब म्हनाला, म्हंजे घर आहे, पण नकाशात नाही, तिथं रस्ता आहे. मी म्हनलं, साहेब, आमची आय त्या खोलीत बाळंत झाली, आमी दोघं तिथं जन्मलो, तवा तुमचं शहर कुठं होतं? साहेबाला पटलं, तुमाला सांगतो, मानसाला पटलं. त्यानं पट्टी लावून दाखवलं. म्हनाला, ज्यानं रेघ मारली त्याची पेन्सिल बोथट असणार. नकाशावर रेघ एवढीशी जाड, पण जमिनीवर ती दोन खोल्यांएवढी होते. आनि तुमच्या भावाचं घर बरोबर रेघेखाली.

म्हंजे बघा. टोक केलं असतं तर घर वाचलं असतं. एवढंच. कुन्या ऑफिसात कुन्या मानसानं जेवायच्या सुट्टीआधी पेन्सिलीला टोक केलं नाय.

मी त्या संध्याकाळी आयला काय सांगू? ती विचारते, झालं का काम? मी म्हनलं, आये, जरा रेघ सरकवायची हाय.

मंग रेघ सरकवायला निघालो. नव्या शहराच्या ऑफिसात म्हनाले, रेघ आमची नाय, भूमापनवाल्यांची. भूमापनवाले म्हनाले, रेघ आमची, पन त्या बाजूची जमीन तुमी त्यांना दिली, आता ते म्हनतील तसं. मी म्हनलं, आमी कुठं दिली, तुमी घेतली. तर म्हनाले, तेच ते. नंदकुमार साहेबानं आपल्या हातानं लिवून दिलं, घर जुनं हाय, रेघ दुरुस्त करावी. आनि साहेबाची बदली झाली. मी दिनानाथांकडं गेलो. म्हनलं, आता? त्यांनी खुर्ची दिली. "साहेबांचा शेरा आहे ना कागदावर? मग काम झालंच समजा."

आनि एके दिवशी दादाच्या दारावर नोटीस डकवली. दारावर म्हंजे काय, जे दार नकाशात नव्हतं, त्याच दारावर. बेकायदा बांधकाम, काढून घ्यावे. आमी भिंत मागितली नसती तरी कधी ना कधी रस्ता आलाच असता म्हना, पन तवा मारोतीची खोली पन त्याच रांगेत होती, तिला नोटीस नाय. का? कारन मारोतीनं अर्जच केला नव्हता. ऑफिसला ठाऊकच नाय मारोतीला खोली हाय.

दादानं नोटीस सोडवली, आयच्या खाटेवर ठेवली. म्हनाला, "आये, त्याला विचार, हीच का ती परवानगी?"

आय काय विचारनार मला? तिनं तोंड भिंतीकडं... भिंत कुठं होती? छपराकडं केलं.

पाडायला आले ते सकाळी. ट्रक, पोलीस, पहारी घेतलेली मानसं. ती मानसं बीडकडची, दुष्काळातनं आलेली, त्यांचा काय गुन्हा? त्यांचा मुकादम हात जोडून उभा. पुतळावयनीनं भांडी आमच्या बाजूला आनून ठेवली. पोरं शाळेत धाडली होती. आनि आय खाटेवरनं उठेना. साहेब नवा होता, त्यानं टेप लावली, तर खाट अर्धी गावात, अर्धी शहरात. आयचं डोकं गावात, पाय बेकायदा. चार जनांनी खाट उचलली, आयसकट, आनि इकडं ठेवली. मला वाटलं ओरडेल. ती फक्त पुतळावयनीच्या चुलीकडं बघत होती.

मंग ते कौलं फोडायला लागले. वरनं पहार घालतात, कौल खाली पडून भुगा. तवा दादा, जो आतापावेतो खांबाला टेकून उभा होता, तो शिडीनं वर चढला. पोलीस धावले, त्यांना वाटलं हा आता उडी मारनार. दादानं पहारवाल्याला बाजूला केलं, एक कौल अलगद सोडवलं, वाकला, खाली बघितलं. खाली मी. आनि म्हनाला, "धर."

इतक्या वर्षांनी थेट माझ्याशी बोलला, मधी आय नाय, कोन नाय. आनि बोलला काय, तर धर.

मी धरलं. तो एकेक देत गेला, मी एकेक लावत गेलो. पहारवाले पन मंग पहार ठेवून आमच्याबरोबर कौलं उतरवायला लागले. दुपारपावेतो दादाचं घर आमी आमच्याच हातानं उतरवलं. ऑफिसवाले खूश, म्हनाले, सहकार्य चांगलं केलंत.

आता राहिलं काय? अर्धं घर, आनि ते पन एका बाजूनं सताड उघडं. नाटकाचा रंगमंच असतो ना, तसं. येनारेजानारे बघतात, आमी जेवतोय. दोन कुटुंबं, एक चूल, एक आय. ताडपत्री लावली. मी म्हनलं, दादा, रविवारी भिंत घालू. दादा तयार. पन आय म्हनाली, नाय. कागूद येऊ दे. एवढं झाल्यावर पन, तुमाला सांगतो. ती म्हनाली, कागूद नसला तर हे पन नेतील.

गेलो दिनानाथांकडं. तर ते हसत उभे राहिले. "अहो, अभिनंदन. तुमची भिंत मंजूर झाली." मी कागूद उलटून बघितला. खरंच मंजूर, शिक्का, सही, मधोमध भिंत, दाराची जागा सोडून. मी म्हनलं, मंग घालू का? त्यांनी घराची हकिगत विचारली, मी सांगितली. त्यांचा चेहरा उतरला, खरंच उतरला. म्हनाले, "अरेरे. ही आतल्या भिंतीची परवानगी आहे. आता पलीकडे घरच नाही म्हणजे ती बाहेरची भिंत झाली. बाहेरच्या भिंतीला वेगळा अर्ज." मंग माझ्या पाठीवर हात ठेवला. "पण केस तुमची मजबूत आहे. काम झालंच समजा."

तो अर्ज ऑफिसात बसला आनि आमी ताडपत्रीमागं बसलो. श्रावनात वारा फिरला, ताडपत्री रोज फाटायची, आमी रोज शिवायचो. आयची खाट आमी आत आत सरकवत नेली, शेवटी चुलीला लागली, त्याच्या पुढं जागा नव्हती. ओल तिथं पन आली. तिला ताप भरला. वाशीला नेली, डॉक्टरनं विचारलं, कुठं झोपवता यांना? दादा म्हनाला, घरात. डॉक्टर म्हनाला, घरात एवढ्या कशा भिजल्या?

आनलीच नाय परत. म्हंजे आनली, पन तशी.

तेरावं झालं आनि त्यानंतरच्या रविवारी आमी भिंत घातली. दिवसाउजेडी, सगळ्या गावासमोर. दादानं माल कालवला, मी विटा लावल्या, गोजरा आनि पुतळावयनीनं घमेली दिली. कोनी कोनाला काय बोललं नाय, पन तो अबोला नव्हता, बोलायसारखं काय उरलं नव्हतं. दार ठेवलं नाय. दार कुनासाठी ठेवायचं?

ऑफिसातनं कोन आलं नाय. एक वर्ष गेलं, रस्ता पन आला नाय, नुसती खडी पडून हाय, मारोतीनं दुसरा मजला चढवला. आनि मंग परवा ऑफिसची एक जीप येऊन थांबली भिंतीसमोर. दादानं खांब धरला. मी म्हनलं, चला, आता ही भिंत पन गेली.

जीपमधनं शिडी उतरली, रंगाचे डबे उतरले, आनि एक पेंटर. रस्त्यावरनं आमची भिंतच तेवढी सलग दिसते ना, म्हनून साहेबानं पसंत केलेली. आमाला कोनी विचारलं नाय, आमी पन विचारलं नाय. पेंटरनं दिवसभर बसून लिवलं, निळ्या रंगात, हातभर उंच अक्षरात... 'परवानगीशिवाय बांधकाम करू नये.'

गोजरानं त्याला चहा दिला. कप परत देताना त्यानं भिंतीवर थाप मारून बघितली. म्हनाला, भिंत मजबूत हाय तुमची.

मी म्हनलं, हाय.