वन्संचा खांदा

"नाव नाही घातलं मी तुमचं, वन्सं! कुठे आहे नाव, दाखवा ना!" मी ओरडतेय आणि माझी नणंद, नवऱ्याची थोरली बहीण हो, दुकानाच्या दारातच उभी, मोबाइल माझ्या नाकासमोर नाचवत, "नाव कशाला हवं गं वहिनी? खांदा लिहिलास ना!"... नेमकं लिहा म्हणे!

तुम्हाला सांगते, सगळी करणी माझ्या सुनेची. मी आपली शिवणारी बाई, कुणी शिकवलं नाही, जुने कपडे उसवून उसवून शिकले, टायपिंगही तसंच, चुकलं की खोडायचं, म्हणजे उसवणंच की ते! तर दुकानात गिऱ्हाईक यावं म्हणून ब्लॉग काढला. पहिला लेख काय झोकात, 'शिवणकला आणि आपले जीवन'! वाचला कुणी? मीच. दोनदा.

सून म्हणाली, "आई, 'जीवन' शोधत कोण बसलंय? ज्याला जे टोचतं तेच तो शोधतो. नेमकं लिहा, नेमकीच माणसं येतील." नेमकं लिहा म्हणे! लिहिलं. 'बसलं की पोटावरचं बटण उडतं.' लगेच एक गृहस्थ हजर, आधी पोट आत आलं, मग ते, "बाई, मी अगदी हेच शब्द टाकले होते हो!" झालं, मला जोर चढला, आणि लिहून बसले, 'डावा खांदा उतरलेला असेल तर ड्रेसचा गळा घसरतो, काय करावं?'

आता असा खांदा मी जन्मभर कुणाचा पाहिला? वन्संचाच की! मागे तोंडावर सांगितलं होतं, "वन्सं, गळा बरोबर आहे, खांदा तुमचा उतरलाय." तर उतरला खांदा आणि बदललं मला! गेल्या चौकातल्या टेलरकडे. तो मेला गोडबोल्या, "मॅडम, काय बांधा आहे तुमचा!" आणि गळा? घसरतोच आहे! माझ्याशी मात्र बोलणं बंद, येणं-जाणं बंद.

आणि दारात येऊन भांडल्या त्याच्या दुसऱ्याच दिवशी वन्संचा ऑफिसात निरोपसमारंभ, सगळ्यांपुढे भाषण, नव्या ड्रेसचा गळा काही जागेवर राहीना. विचारणार कुणाला? मला? जीव गेला तरी नाही! म्हणून गुपचूप मोबाइलला विचारलं, आणि त्याने सगळं जग धुंडाळून वर काढलं कुणाला? मलाच!

"पुसून टाक तो लेख!"

"का म्हणून? तोच तर सगळ्यात जास्त वाचतात! जगात काय तुमचा एकटीचाच खांदा उतरलाय?"

वन्संनी नाचवणारा मोबाइल खाली घेतला. मग हळूच, "म्हणजे... आणखी आहेत?"

"ढिगाने आहेत! खाली वाचा ना, किती जणींनी लिहिलंय!"

वन्सं वाचायला लागल्या, ओठ हलवत, अगदी शेवटपर्यंत, आणि तेव्हा कुठे माझं लक्ष त्यांच्या काखेतल्या पिशवीकडे गेलं. भांडायला आलेली बाई ड्रेस घेऊन येते का हो?

उठले बाई. गुडघे कुरकुरले, त्यांचं कोण ऐकतंय? नेमकं लिहिलं की नेमकं माणूस येतं, आणि ते घरचंच निघालं तर करता काय? गळ्यातली टेप काढली आणि म्हटलं, "या आत, वन्सं, आणि सरळ उभ्या राहा... म्हणजे, जमेल तेवढ्या!"