दोघांचं अळणी

माझा जन्म बुरोंडीचा. बापूस होडीवर जायचा, आयस मासळी सुकवायची, आणि आमी पोरं काठी घेऊन कावळे हाकलायला. म्हंजे काय सांगू तुमाला, चालायला लागल्यापासनं मिठातच हाय मी. बांगडा पाठीतनं चिरायचा, आतडी काढायची, धुवायचा, पोटात मीठ भरायचं आणि पिंपात थर लावायचे, थराला मीठ, थराला मीठ, हे मी शाळेतल्या बाराखडीच्या आधी शिकले. लग्न करून मिरकरवाड्याला आले तर हितंपण तेच, नुसतं पिंप बदललं. पयल्या पयल्यांदा हाताच्या चिरांत मीठ जाऊन झोंबतं, रडू येतं, मग कातडं मुर्दाड होतं. माझ्या हातचा खारा बांगडा म्हटला की बंदरावर नाव हाय, उगाच नाय सांगत, कुणालाबी विचारा.

आमचा माणूस तांडेल होता, म्हंजे ट्रॉलरवरचा मुख्य, त्यानं म्हटलंन की बोट वळायची. बोलायला गोड, बंदरावर कुणाचं भांडण असलं की यालाच बोलावणार. मला कधी वाकडा शब्द नाय, हात उगारणं तर लांबच. बाया म्हणायच्या नशीब काढलंस गो, आणि मलाबी वाटायचं काढलंय. तोंडावर मी त्याला तुमी म्हणते अजून, पाठी तो. आमची एकच पोरगी, ती लग्न होऊन वेळणेश्वरला. शेजारच्याच घरात याची बहीण शेवंती, माझी नणंद. मी आले तवा एवढीशी होती, तिच्या वेण्या मी घातल्यात, तिचं न्हाणं मी केलंय. नणंद म्हणायला, पोरच माझी.

तर याचे पाय सुजायला लागले. धक्क्यावरनं घरी येईस्तोवर दम लागायचा, आडवा झाला की श्वास कोंडायचा, बसून झोपायचा, बोटीवर जाणं सुटलं. डॉक्टरनं सांगितलंन, हृदयाचा जोर कमी झालाय, अंगात पाणी साठतंय, आणि मीठ त्या पाण्याला धरून ठेवतं, तवा मीठ बंद आणि पाणीसुद्धा मोजकं. मला लगेच पटलं. आमी पिंपात पाण्याचा थेंब घालत नाय, तरी दुसऱ्या दिवशी बांगडा पाण्यात बुडालेला असतो, मीठ पाणी ओढतं हे मला कुणी शिकवायला नको. पण याला कोण सांगणार! पयल्याच दिवशी ताट सरकवलंन, म्हटलंन, असलं खाण्यापेक्षा मेलेलं बरं.

मग मी म्हटलं, तुमी एकटे कशाला, मीपण सोडते. आमी दोघं देवळात गेलो, नारळ ठेवला, गुरवानं देवीला गाऱ्हाणं घातलंन, की बाय माझे, ही नवराबायको दोघं मीठ सोडतायत, याच्या पायाची सूज उतरव, लेकराची लाज राख. यानं हात जोडून व्हय महाराजा म्हटलंन, मोठ्यानं, सगळ्यांनी ऐकलं. त्या दिवसापासनं घरात एकच टोप. भात अळणी, कालवण अळणी, नुसतं कोकम आणि मिरची. जिभेला काय लागतच नाय हो, मातीबी बरी. लग्नाकार्यात मी जेवायची नाय. मासळी खारवायच्या शेडमधल्या बाया हसायच्या, मिठाच्या ढिगावर बसून अळणी खातेस, तुला बक्षीस द्यायला पायजे. हा जेवताना माझा हात धरायचा, म्हणायचा तू हायस म्हणून मी हाय गो. आणि मी फुलून जायची. मूर्ख बाई.

पण सूज काय उतरेना. डॉक्टर गोळ्या वाढवायचा आणि विचारायचा, मीठ बंद हाय ना? मी देवीशपथ सांगायची, बंद हाय. मग माझ्या मनानं घेतलं की मीठ माझ्याच हातातनं त्याच्या पोटात जातंय. दिवसभर मिठात हात, तेच हात भाकरीच्या पिठात, नखात राहत असेल, चिरांत राहत असेल. म्हणून शेडवरनं आले की मी पयली मोरीवर बसायची आणि नारळाच्या सोडणानं हात घासायची, घासायची, रक्त येईस्तोवर. हा समोर पायरीवर बसलेला असायचा, कशासाठी घासते ते मी त्याला सांगितलेलं. एकदा त्यानं स्वतः माझ्या हाताला खोबरेल लावलंन. ते ध्यानात ठेवा तुमी, खोबरेल लावलंन.

गेल्या वैशाखात मला जुलाब लागले. उन्हाळा असा की पत्र्याखाली शिजून निघत होतो. शेवंती म्हणाली, वैनी, साखरमिठाचं पाणी पी, ताकद येईल. मी केलं पाणी, साखर घातली, लिंबू पिळलं, मीठ नाय घातलं. देवीला बोललेलं, मोडू कशी? पेज प्यायले तीबी अळणीच. घसा कोरडा, म्हणून तांब्यावर तांब्या नुसतं पाणी. जेवढं पाणी पोटात जाई तेवढं डोकं जड, मळमळ, पायात गोळे. तरी माल आला म्हणून शेडवर गेले, आणि बांगडा हातात असताना पडले. पुढचं मला आठवत नाय, बायांनी सांगितलेलं सांगते. मी माझ्या मेलेल्या आयसशी बोलत होते. एकीनं मिठाची चिमट जिभेवर ठेवलीन तर मी थुंकले आणि म्हटलं, नको, त्याला कायतरी होईल. मग दुसऱ्या बायांनी साधं पाणी पाजलं, बिचाऱ्यांना काय ठाऊक. मग झटके आले. मासळीच्या टेंपोतनं नेलं मला.

शुद्ध आली तर हाताला सलाईन, आणि समोर डॉक्टरीण, माझ्या पोरीच्या वयाची. म्हणाली, मावशी, तुमच्या अंगातलं मीठ पार उतरलं होतं, डोक्याला सूज आली त्यानं. जुलाबातनं मीठ जातं, घामातनं जातं, आणि वरनं नुसतं पाणी ओतलं की राहिलेलंबी पातळ होतं, पाहुणे वाढले की आमटीत पाणी घालतो तसं. मीठ का नाय खाल्लं? मी म्हटलं, बाय, आमी दोघांनी सोडलंय, माझ्या माणसाच्या पायासाठी, देवीला गाऱ्हाणं हाय.

शेवंती चहा घेऊन खाटेच्या पायथ्याशी उभी होती. तिचा चेहरा उतरला. कप खाली ठेवलान आणि कपाळावर हात मारून रडायला लागली. वैनी, म्हणते, दादा तर रोज दुपारी माझ्याकडे जेवतो. तू शेडवर गेलीस की येतो. खारा बांगडा निखाऱ्यावर भाजून देते, त्याबरोबर पेज. तो म्हणाला डॉक्टरनं दुपारी एवढं चालेल म्हटलंय, वैनीला म्हायत हाय, तीच म्हणाली तिकडे जाऊन खा, मला वास सोसत नाय. मी विचारलं, कधीपासनं? म्हणते, देवळातनं आलात त्याच आठवड्यात.

आणि बांगडा कुठला? माझाच. आठवड्याच्या आठवड्याला मीच द्यायची तिला, तुझ्या पोरांना घाल म्हणून. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, दुसरं काय! शेवंतीचा राग नाय मला, तिलाबी फसवलंनच त्यानं. पण यानं केसानं गळा कापला माझा. कुठल्या बाईच्या नादी लागला असता तर मी चार शिव्या घातल्या असत्या, केस ओढले असते. बांगड्याला काय शिव्या घालू?

संध्याकाळी आला, शहाळं घेऊन. मी म्हटलं, शेवंतीनं सांगितलंय. त्यानं शहाळं खाटेखाली ठेवलंन. मग खाली बघत म्हणाला, मला अळणी जात नव्हतं गो. तू मात्र पाळत होतीस, मला वाटलं दोघांतलं एक तरी पाळतंय ना, देवीला तेवढं पुरेल. मी म्हटलं, बरं. मी हात घासत होते तवा तुमी बसला होतात ना पायरीवर? रक्त आलं तवा खोबरेल लावलंत ना? एवढं एक वाक्य तोंडातनं काढायचं होतं, की हात नको घासू, तुझ्या हातात काय नाय. ते नाय निघालं. अळणी खाल्लं त्याचं मला काय वाटत नाय, मेले असते तरी चाललं असतं. पण माझ्याच हातांचा मला संशय यायला लावलान, ते जात नाय मनातनं.

सोडून कुठं जाऊ या वयात? गुरवाला सांगून माझं गाऱ्हाणं उतरवून घेतलं. आता घरात दोन टोप, माझा मिठाचा, त्याचा अळणी. दुपारचं जेवण शेवंतीकडे बंद, ती दारच लावून घेते. डॉक्टरणीनं मला एक शिकवलंन, नडगीवर अंगठा दाबायचा, खड्डा तसाच राहिला तर अंगात पाणी हाय. रोज सकाळी तो पाय पुढं करतो आणि सुरू होतो, अळणीच खाल्लं गो, पोरीची शपथ. मी म्हणते, तुमी गप बसा, आणि अंगठा दाबते. बोलायचं ते पायच बोलतो.

वाईट नाय चिंतीत मी त्याचं. देवी त्याला सांभाळो, आणि तुमाला घरात खरं बोलणारं माणूस मिळो, एवढंच म्हणते. आज सकाळी दाबलं तर खड्डा लगेच भरून आला. उतरतेय सूज. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. त्यानं विचारलंन, काय गो, कसा हाय? मी म्हटलं, हाय तसाच. आणि उठून कामाला आले.