आठ मोबाईल आणि कोंडाबाईंवर घेतलेला आळ

नाव: विजयश्री भ्र. अंकुशराव बिरादार. वय: ५९ वर्षे. शिक्षण: बी. कॉम. (उदगीर, १९८७). धंदा: ज्वारीच्या कडक भाकरीचा घरगुती उद्योग. राहणार: खटकचिंचोळी, ता. भालकी, जि. बीदर. दिनांक: १८ नोव्हेंबर २०२५.

मी वर लिहिलेल्या नावाची बाई आज ठाण्यात स्वतःहून हजर राहून सांगते की, भालकीचा मोबाईल दुकानदार हरिओम याने १५ तारखेला माझ्याविरुद्ध फसवणुकीचा अर्ज दिला आहे. त्याला उत्तर म्हणून आणि त्याच्याविरुद्ध माझी तक्रार म्हणून असा हा एकच जबाब आहे. मला कन्नड बोलता येते, लिहिता येत नाही, म्हणून मी सांगितले तसे हेड कॉन्स्टेबल रत्नपाल यांनी मराठीत लिहून घेतले.

माझा उद्योग २०१२ पासून आहे. आठ बाया माझ्याकडे काम करीत. त्या आपापल्या चुलीवर भाकरी करतात, वाळवून माझ्या घरी आणतात, पुठ्ठ्याच्या खोक्यात भरणी माझ्याकडे होते. माल उदगीर, लातूर आणि बीदरच्या खानावळी व वसतिगृहांना जातो. प्रत्येकीची गिऱ्हाइके ठरलेली. मागणी तीच घेते, माल तीच पाठवते. कोंडाबाई भ्र. ज्ञानोबा कांबळे या पहिल्या दिवसापासून माझ्याकडे होत्या. सर्वांत जास्त, एकतीस गिऱ्हाइके त्यांची होती.

या वर्षापर्यंत काम बटणाच्या फोनवर चालत असे. गिऱ्हाइके मालाचा फोटो आणि लेखी निरोप मागू लागली म्हणून मी साधे स्मार्टफोन घेण्याचे ठरवले. आधी कागदावर गरज लिहिली: अक्षर मोठे दिसावे, चार्जिंग सकाळपासून संध्याकाळपर्यंत पुरावे, बोटाला पीठ असले तरी काच चालावी, मराठी आणि कन्नड दोन्ही लिहिता यावे, आठही एकाच बनावटीचे असावेत म्हणजे चार्जर कोणाचाही कोणाला लागेल. कॅमेरा किती चांगला, गाणी किती मावतात, हे मी कोठेही विचारले नाही. भालकी व बीदरची पाच दुकाने पाहिली. आठ नवे घेणे परवडणारे नव्हते.

हरिओम हा आमच्याच गावचा, वय अंदाजे ३४. भालकी बसस्थानकाजवळ त्याचे 'माउली मोबाईल' हे दुकान आहे. त्याने दुरुस्त केलेले वापरलेले मोबाईल सहा महिन्यांच्या हमीने दाखवले. मी दोन नग पंधरा दिवस वापरून पाहिले आणि १२ मार्च रोजी आठ घेतले. मोबाईलची निवड चुकलेली नाही. ते आजही चालतात. हरिओमच्या बाजूचे एवढे एकच वाक्य माझ्याकडे आहे.

आमच्याकडे स्वतःचा ईमेल स्वतः कोणी काढत नाही. मोबाईल विकणारा तो काढून देतो, पासवर्ड त्याच्या वहीत राहतो आणि विसरला की लोक त्याच्याच दुकानात जातात. त्या दिवशीही तसेच झाले. मी विचारले, "ईमेल कोणाच्या नावाचा घालतोस?" तो म्हणाला, "अक्का, ती कटकट तुमाला कामून? मी करून देतो की. बायांचं पासवर्ड इसरलं तर माझ्याकडंच येनार न्हवं?" मी पदवीधर आहे. कागद वाचल्याशिवाय सही करीत नाही. त्या दिवशी मी त्याने मागवलेला चहा घेतला आणि बसून राहिले.

जूनपासून गिऱ्हाइके तुटू लागली. कोंडाबाईंची अकरा गेली. इतर बायांची एक-दोन गेली. लातूरच्या खानावळीच्या मालकाने सांगितले की त्यांना भालकीहून दीड रुपया कमी दराने भाकरी मिळते. देणाऱ्या बाईला माझा दर आणि त्यांची गरज आधीच माहीत होती. हे ऐकून मी ठरवले की आतले कोणीतरी सांगते आहे.

२१ जुलै रोजी सकाळी अकरा वाजता भरणीच्या वेळी सर्व बाया हजर असताना मी कोंडाबाईंना मोबाईल उघडून दाखवायला सांगितले. त्या म्हणाल्या, "अक्का, माझाच कामून बघायलाव? मंगलचा बघा, सगळ्यांचा बघा." मी म्हणाले, "गिऱ्हाइकं तुझी गेली, म्हणून तुझा." त्यांनी उघडून दिला. त्यात काही मिळाले नाही. मी म्हणाले, पुसून टाकले असेल. मोबाईल काढून घेतला आणि उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितले. बाकी सात जणींचे मोबाईल मी पाहिले नाहीत. का पाहिले नाहीत, असे रत्नपाल यांनी विचारले. तो प्रश्न तसाच लिहावा असे मी सांगितले.

त्यानंतर 'गिऱ्हाईक फोडणारी' म्हणून कोंडाबाईंना गावात कोणी काम दिले नाही. त्या बीदरला नौबाद येथे एका मेसमध्ये भांडी घासण्याच्या कामाला लागल्या. गिऱ्हाइके तुटणे मात्र थांबले नाही. हे मला ऑगस्टमध्येच दिसत होते.

३ ऑक्टोबर रोजी, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, कामावरच्या बायांपैकी मंगल तिचा मोबाईल घेऊन आली. म्हणाली, "अक्का, ह्यात भूत शिरलंय. मी ठेवलेलंच न्हाई अशी नावं दिसायलीत." मी पाहिले. एक नाव असे होते: 'उदगीर होस्टेल, अक्का ९, आपण साडेसात'. अक्का म्हणजे मी. नऊ रुपये हा माझा दर. मी सेटिंगमध्ये जाऊन पाहिले. मोबाईलवर जो ईमेल होता तो कोणा बाईच्या नावाचा नव्हता. सर्वांचे मोबाईल मागवले, कोंडाबाईंचा कपाटातून काढला. आठही मोबाईलवर तोच एक ईमेल होता. एकमेकींची गिऱ्हाइके बायांना आधीपासून दिसत, पण ती मीच भरून दिली असे त्या समजत. बायांनी नावातच दर आणि मागणी लिहून ठेवलेला प्रत्येक नंबर त्या ईमेलमध्ये जाऊन बसत होता आणि तो ईमेल हरिओमच्या ताब्यात होता. हरिओमची पत्नी रेणुका हिने जूनमध्येच भालकीत कडक भाकरीचा धंदा काढला आहे. तिच्याही मोबाईलवर तोच ईमेल असला पाहिजे, नाहीतर तिने लिहिलेले नाव मंगलच्या मोबाईलमध्ये येणार नाही. दुसऱ्याच्या घरात पाहणाऱ्याला आपलेही दार उघडे आहे हे कळले नाही.

मी त्या दिवशी पोलिसांत आले नाही. कोंडाबाईंनाही कळवले नाही. बायांना एवढेच सांगितले की मोबाईल आहेत तसेच वापरा आणि तोंड बंद ठेवा.

माझी धाकटी बहीण चांगुणाबाई मादन हिप्परगा, ता. आळंद येथे दिलेली आहे. तिला मी नवे सिम घ्यायला लावले. तो नंबर तिने कोणालाही दिला नाही. २४ ऑक्टोबर रोजी सकाळी दहा वाजता मी तो मंगलच्या मोबाईलमध्ये या नावाने ठेवला: 'मादन हिप्परगा लग्न, १४ नोव्हेंबर, ४००० भाकरी, अक्का ९'. मी नंबर जगात एवढ्या एकाच जागी ठेवला होता. दुपारी साडेबारा वाजता रेणुकाचा चांगुणाबाईला फोन आला. "बाई, तुमच्याकडं लगीन हाय म्हनं. आमी साडेसातनं देताव, घरपोच." चांगुणाबाई म्हणाली, "द्या की. पैसे माल बघून." आगाऊ रक्कम तिने दिली नाही आणि त्यांनी मागितली नाही. फोनची नोंद जोडली आहे.

१३ नोव्हेंबर रोजी सकाळी हरिओम व रेणुका टेम्पो घेऊन शंभरावर किलोमीटर गेले. मीही त्या दिवशी हिप्परग्यात होते. माल पोत्यांत भरलेला होता. कडक भाकरी पोत्यात भरत नाहीत, चुरा होतो. हे कोंडाबाईंनी कोणालाही सांगितले असते. मंडप कोठे आहे म्हणून हरिओमने विचारले तेव्हा चांगुणाबाई दहा-बारा माणसांसमोर म्हणाली, "आधी हे सांगा, माझा नंबर तुमाला कोन दिलं?" रेणुका हरिओमकडे पाहू लागली. तो म्हणाला, "गिऱ्हाइकानं दिलं." "कोन्या गिऱ्हाइकानं? नाव सांगा की." तेवढ्यात मी पुढे झाले. मला पाहून तो म्हणाला, "अक्का, तुमी हितं कामून?" मी म्हणाले, "लग्नाला आले." लोक हसले. हे सर्व चांगुणाबाईच्या मोबाईलवर चित्रित केले आहे. हिप्परग्यात भाकरी घरोघर होते. त्यांच्याकडून कोणी एकही विकत घेतली नाही.

लग्नाची खोटी नोंद मी केली, हे मला मान्य आहे. तिच्यासाठी जी शिक्षा असेल ती द्यावी. मात्र ती नोंद मी माझ्या बाईच्या मोबाईलमध्ये केली. ती हरिओमने कशी वाचली, याचे उत्तर त्याच्या अर्जात नाही.

१६ नोव्हेंबर रोजी मी नौबादला जाऊन कोंडाबाईंना सर्व सांगितले. त्या हात पुसत बाहेर आल्या. त्यांनी विचारले, "तुमाला कधी कळालं?" मी तारीख सांगितली. त्या म्हणाल्या, "दसऱ्याला कळालं, आन आज आलाव?" मी म्हणाले, तो सापडेपर्यंत थांबावे लागले. त्या म्हणाल्या, "व्हय. तुमाला त्याला धरायचं हुतं. मला न्हाई सोडवायचं." नंतर म्हणाल्या, "आता मला कळून काय करायचंय अक्का? गावाला कोन सांगनार?" मी कामावर परत बोलावले. त्या आत गेल्या.

काल हरिओमने मधल्या माणसाकरवी निरोप पाठवला की आठ नवे मोबाईल देतो, माझा अर्जही मागे घेतो, तुम्ही तक्रार करू नये. ठाण्यातूनही मला समजुतीने मिटवण्याचा सल्ला मिळाला. मला मिटवायचे नाही. त्याचे दुकान, ती पासवर्डची वही आणि त्याने काढून दिलेले सर्व ईमेल तपासावेत. तालुक्यात असे आणखी किती जणांचे नंबर त्याच्याकडे आहेत ते लोकांना कळावे. त्याच्या दुकानाची पायरी पुन्हा कोणी चढू नये, एवढी माझी इच्छा आहे आणि ती मी लपवीत नाही. तसेच कोंडाबाई भ्र. ज्ञानोबा कांबळे यांनी एकही गिऱ्हाईक फोडलेले नाही, असे या जबाबात स्पष्ट नोंदवावे. त्याची प्रत मी ग्रामपंचायतीच्या फलकावर स्वतः लावणार आहे.

हा जबाब रत्नपाल यांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात दोन ठिकाणी मी खोडायला लावले. हिप्परग्याच्या प्रकाराबद्दल 'पश्चात्ताप होतो' असे लिहिले होते, ते मी म्हणाले नव्हते. आणि कोंडाबाईंना मी 'गैरसमजातून' कामावरून काढले असे लिहिले होते. गैरसमज नव्हता. विचारण्याआधीच मी ठरवले होते. या दोन दुरुस्त्यांसह वरील मजकूर मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे.

सही: विजयश्री बिरादार