हळदीची पहिली मूठ

माझं माहेर ओतूरच्या वरल्या वाडीतलं, नववीत व्हते तवाच बोहल्यावर चढवली मला, आन दिली हितं, शिनोलीच्या वर डोंगरात. पुढं सासऱ्यांनीच शिकवलं, म्हनून अंगणवाडीची बाई झाले, आन आता वाडीतलं एकूण एक पोर माझ्या हाताखालनं गेलंय. सुमन त्यातलीच, माझ्या मोठ्या दिरांची पोरगी.

काय सांगू तुमाला भाऊ, एक दिवस जाऊबाई आल्या, म्हनल्या उद्या हळद दळायची, पाच सवाष्णींत तू पायजेस. म्हनलं कुणाची हळद? तर सुमनची. दहावीतल्या पोरीची! आमच्यात एकदा हळद लागली की पोरीला उंबऱ्याबाहेर सोडत नाय, आन मंग लगीन मोडलं तर बोल तिलाच लागतो. म्हंजी थांबवायचं तर हळदीच्या आधीच.

मी घरोघरी औषधं देनाऱ्या आशाताईला गाठलं, शाळेच्या मॅडमला गाठलं, ग्रामसेवक भाऊसाहेबांना बोलावलं, कारण असलं लगीन थांबवायचा अधिकार त्यांचा. भाऊसाहेब म्हनले बाई, तुमी घरातल्या, तुमी मागं ऱ्हावा, मी एकटा जातो. म्हनलं एकटं गेलात तर चहा पाजून वाटंला लावत्याल, आन मागं ऱ्हायले तरी नाव माझंच येनार. तवा मॅडम म्हनल्या, मंग नाव सगळ्यांचंच येऊ द्या.

सकाळी जात्याला आंब्याचा डहाळा बांधलेला, चौघी बसलेल्या, मी उभीच. म्हनलं मी जात्याला हात लावनार नाय. जाऊबाई रडाय लागल्या, दीर अंगावर आले, घरभेदे, बाहेर कुणी सांगितलं? तवर तिघं दारात. मी म्हनलं मी सांगितलं. आशाताई म्हनली न्हाई, मी. मॅडम म्हनल्या मी. आन भाऊसाहेब, लई भिडस्त मानूस, त्यो बी म्हनला मीच, आता कुणाला हाकलायचं त्याला हाकला. दीर चौघांकडं बघत मागं सरले. मंग भाऊसाहेबांनी कायदा सांगितला, आशाताई जाऊबाईंपाशी बसली, मॅडमनी सुमनला जवळ घेऊन घोडेगावच्या वसतिगृहाचं बोलनं काढलं. हळकुंडं सुपात तशीच ऱ्हायली.

सुमन आता घोडेगावला अकरावीला हाय, सुट्टीला एसटीनं येती, पयली माझ्याकडं येती. दीर माझ्याशी बोलत नाय, भावकीत हळद असली की मला सांगावा नाय. नका धाडू! वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू, पन पुन्यांदा असं झालं तर पुन्यांदा आमी चौघं दारात उभी. पोर सुखी ऱ्हावो, भरपूर शिको. आन तिच्या मनानं तिनं लगीन ठरवलं ना, की जात्यात पयली मूठ मीच टाकनार. बघते मला कोन उठवतंय.