पाच सह्यांचं पत्र

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष, आपल्या संस्थेचेही अध्यक्ष आणि नात्याने माझे थोरले चुलतभाऊ माननीय भागवतराव गव्हाणे; प्रमुख पाहुणे गटशिक्षणाधिकारी साहेब; गावच्या सरपंच सविताताई; उद्यापासून मुख्याध्यापकपदाचा कार्यभार ज्यांच्याकडे जातो आहे त्या राजेश्री मॅडम; माझे सहकारी, पालक, माझी गणितं सोडवून पुढे गेलेले आणि न सोडवताच पुढे गेलेले माझे विद्यार्थी; आणि तिसऱ्या रांगेत खांबाआड तोंड लपवून बसलेले माझे यजमान, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

चोवीस वर्षांच्या नोकरीत मी एकदाही भाषण लिहून आणलं नाही. आज हातात कागद आहे, त्याचं कारण सरळ सांगते. मंगळवारी अध्यक्षांनी राजेश्री मॅडमकडे निरोप दिला, ‘बाईंचा सत्कार थाटात करू, फक्त त्यांना म्हणावं जुनं काही काढू नका.’ जुनं काढावं की नाही, हे तोवर माझं ठरत नव्हतं. त्या निरोपाने ठरलं. तोंडी बोलले तर एखादी गोष्ट राहून जाईल, म्हणून लिहून आणलं.

अध्यक्षांना मध्येच उठता येत नाही, कारण समारोप त्यांचाच असतो. सभेचे जे काही शिष्टाचार आहेत त्यांत हा मला सगळ्यात जास्त आवडतो.

नव्या लोकांसाठी थोडं मागचं सांगायला हवं. मी याच गावची. परभणीला बी.एस्सी., बी.एड. झाले आणि एकोणीसशे एकोणनव्वद साली वर्तमानपत्रातली जाहिरात बघून आफ्रिकेतल्या झांबिया देशात गणित शिकवायला गेले. त्याच शाळेत मुलेंगा सुतारकाम शिकवायचे. दोन वर्षांनी आम्ही लग्न केलं. मुलगी झाली, तिचं नाव चंदा. ते त्यांच्याकडचंही नाव आहे, आपल्याकडचंही. मग मुलगा झाला, मुटाले. नव्व्याण्णव साली माझ्या वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. मी एकुलती एक. मुलेंगा म्हणाले, आपण सगळेच जाऊ. स्वतःचा देश, आई, भाऊ, नोकरी सोडून हा माणूस हत्यारांची एक पत्र्याची पेटी घेऊन ताडकळसहून येणाऱ्या बसमधून आपल्या पाराजवळ उतरला.

गावच्या लेकीचा नवरा म्हणजे गावाचा जावई. पहिल्यांदा दारात आला की भाकरतुकडा ओवाळून टाकायचा, पायावर पाणी घालायचं, ही आपली रीत. त्या दिवशी आमच्या गल्लीतली दारं एकेक करून लागली. भाकरीचा तुकडा आणि तांब्या घेऊन शेजारच्या एकट्या सुलाबाई आल्या. त्यांनी मुलेंगांकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, “लय उंच हाय गं तुझा नवरा. वाकाया सांग त्याला, माझा हात पुरंना.”

आता यंदाचा मे महिना आठवा. अध्यक्षांचे चिरंजीव अवधूत पोलंडहून कायमचे परत आले. सोबत पत्नी मार्ता, नऊ वर्षांची लीना, सहा वर्षांचा यान. वेशीपासून घरापर्यंत बँडबाजा होता. ओवाळायला पंधरा बायका होत्या, मी मोजल्या. फोटो काढायला शेजारच्या गावातून पोरं आली होती. तीही परदेशी, हेही परदेशी. मग फरक कशाचा होता? गणिताच्या शिक्षिकेने एवढं उत्तर तरी सभेवर सोडावं. सगळ्यांना येतंय ते.

मार्ता, यात तुझा काही दोष नाही. अवधूत, तू तिच्या कानात सांगतो आहेस ते नीट सांग. गाळू नकोस.

तर नव्व्याण्णवच्या जूनमध्ये मी मुलांना घेऊन याच शाळेत आले. चंदा सात वर्षांची, मुटाले पाच. भागवतदादा तेव्हा संस्थेचे सचिव होते. मला वाटलं, भाऊच आहे. त्यांनी जन्माचे दाखले उलटून पाहिले आणि म्हणाले, “वैदेही, हे दस्तऐवज बाहेरच्या मुलखाचे हायेत. असं कर, गावातल्या पाच प्रतिष्ठितांच्या सह्यांचं पत्र आण, की ही लेकरं याच गावची हायेत. नियम हाय.”

मी अकरा दिवस फिरले. लोक काय काय म्हणाले? “मालक घरी न्हाईत.” मालकांच्या चपला उंबऱ्याशी दिसायच्या. “चष्मा हरवलाय.” “भागवतराव काय म्हनतेत ते बघतो अन् मंग करतो.” एक जण मुलेंगांकडे बघून म्हणाला, “दिवा लाव गं, मानूस दिसंना झालाय.” त्याच्या घरचे सगळे हसले. मुलेंगांना तेव्हा मराठी येत नव्हती. दोन वर्षांनी येऊ लागली तेव्हा त्यांनी मला त्या वाक्याचा अर्थ विचारला. शब्द जसेच्या तसे त्यांच्या लक्षात होते. पुढे त्याच माणसाच्या विहिरीवरची मोटर बंद पडली, तर हेच जाऊन दुरुस्त करून आले. मी गेले नसते. आमच्या घरात चांगुलपणाचं खातं त्यांच्याकडे आहे.

अकरा दिवसांत तीन सह्या झाल्या. पोस्टमन काका, शेळ्या राखणारे सटवाजी आणि सुलाबाईंचा अंगठा. मी तेवढंच पत्र नेलं. सचिवसाहेब म्हणाले, “शेळ्या राखणारा अन् अंगठेवाली बाई. हे कवापासून प्रतिष्ठित झाले?”

माझी मुलं पूर्ण एक वर्ष या शाळेच्या व्हरांड्यात बसून शिकली. आत फळ्यावर काय लिहिलंय ते दिसायचं नाही, ऐकू तेवढं यायचं. मुलेंगांनी त्यांच्यासाठी एक बुटकं बाकडं करून दिलं. पाऊस तिरका आला की दोघं बाकडं उचलून भिंतीशी न्यायची. पुढच्या वर्षी परभणीच्या एका शाळेने विनातक्रार नाव घातलं आणि दोघं रोज बसने जाऊ लागली.

तुम्ही म्हणाल, मग बाई याच शाळेत नोकरीला कशा लागल्या? सोपं आहे. गणिताला इथे शिक्षक टिकत नव्हता. तीन आले, तिघे गेले. तपासणीत शेरा बसला, आणि पंचक्रोशीत बी.एस्सी., बी.एड. एकच होती. मला आनंदाने घेतलं असं नाही. माझ्यावाचून भागेना म्हणून घेतलं.

रुजू झाल्यावर पहिल्याच दिवाळीच्या सुट्टीत मी शाळा संहिता पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. मग सगळे शासन निर्णय वाचले. पाच सह्यांच्या पत्राचा नियम कुठेही नव्हता. कधीच नव्हता. तो दादांनी माझ्यासाठी बसल्या जागी तयार केला होता. नंतर मात्र त्यांना तो इतका पसंत पडला, की संस्थेच्या ठरावाच्या वहीतच घालून टाकला. ऊसतोडीला जाणाऱ्यांची लेकरं आली, आणा पत्र. माहेरी परत आलेल्या बाईचं लेकरू आलं, आणा पत्र. दोन हजार चौदा साली मी मुख्याध्यापक झाले आणि त्या दिवसापासून एकाही पालकाला ते पत्र मागितलं नाही. पण ही गोष्ट मी अध्यक्षांना सांगितली नाही. त्यांनीही विचारलं नाही. पंधरा वर्षं हाताने चालवलेला नियम माणसाला सरकारी वाटू लागतो.

पंखा जरा मोठा करा कुणीतरी. अध्यक्षांना घाम आलाय.

यंदा सोळा जूनला शाळा उघडली. सकाळी नऊ वाजता दादा माझ्या खोलीत आले. सोबत मार्ता आणि दोन्ही मुलं. “वैदेही, नातवंडांचं नाव घालायचंय.” कागद बघितले. पोलंडमधले दाखले होते.

मी म्हटलं, “दादा, हे दस्तऐवज बाहेरच्या मुलखाचे आहेत. पाच सह्यांचं पत्र आणलंत का?”

खरं सांगते, मला वाटलं होतं हा माणूस रागवेल. नाहीतर मान खाली घालेल, एखादा शब्द बोलेल. एक शब्द बोलले असते तर विषय तिथेच संपला असता. पण ते म्हणाले, “आरे हा, ते ऱ्हायलंच की. आणतो.”

त्यांना तो नियम खराच वाटत होता! आणि तो मलाही लावला होता, याची त्यांना आठवणसुद्धा नव्हती. त्या क्षणापर्यंत मी सूड वगैरे काही ठरवलं नव्हतं. तिथे ठरवलं. म्हटलं, “मुलं तोवर वर्गात बसू देत. पत्र आलं की नाव चढवू. फक्त पाचातला एक अंगठा सुलाबाईंचा हवा.”

मार्ताला तिथेच बसवून ते बाहेर पडले आणि दहा मिनिटांत मी दोन्ही मुलांची नावं दाखल-खारीज रजिस्टरला चढवली. मार्ताने पालक म्हणून सही केली. तिला वाटलं साधा अर्ज आहे. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे कागद नसले तरी मूल त्याच दिवशी दाखल करायचं असतं, आणि मी कायदा मोडत नाही. लेकरांवर तर कधीच नाही.

आणि अध्यक्षमहोदय तीन दिवस गावात फिरले. बाहत्तराव्या वर्षी, सोळा, सतरा आणि अठरा जूनला. पाऊस लांबला होता आणि ऊन मी म्हणत होतं, हे तुम्हा सगळ्यांना आठवत असेल.

गंमत बघा, त्यांनाही लोक तेच म्हणाले. “चष्मा सापडंना, भागवतराव.” “आधी बाई काय म्हनतेत ते बघतो.” एकाने तर विचारलं, “सून तर लय गोरी हाय, मंग सही कशाला लागायली?” मी कुणालाही शिकवलं नव्हतं. या गावाला सही टाळायची सवय आहे, ती कुणासाठी हवी आहे हे बघून टाळली जात नाही.

सुलाबाईंच्या दारात काय झालं ते त्यांनी मला स्वतः सांगितलं. त्या समोरच बसल्या आहेत, चुकलं तर दुरुस्त करतील. त्या म्हणाल्या, “भागवता, तवा तू म्हनला व्हतास, अंगठेवाली बाई परतिष्ठित न्हाई. आता कवापासनं झाले रे मी?”  मग त्या म्हणाल्या, “बरं. ती सरपनाची मोळी उचलून आत टाक. मंग देते अंगठा.”

दादांनी मोळी टाकली. माझा मुद्दा हा आहे, की टाकली. नातवंडांसाठी माणूस मोळी उचलतो. लेकरांसाठी मीही अकरा दिवस दारं वाजवली होती.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलेंगा मला म्हणाले, “मास्तरीणबाई, हे बरं न्हाई केलंस. म्हातारा उन्हात फिरायलाय. लय झालं, आता सांग की त्याला.” मी म्हटलं, फिरू दे. ते त्या रात्री ओसरीवर जाऊन झोपले. पण मी सांगितलं नाही. दादा एकोणीस तारखेला पाच सह्यांचं पत्र घेऊन आले, मी ते ठेवून घेतलं आणि म्हटलं, “ठीक आहे.” त्या पत्राची गरज नव्हती, हे त्यांना आत्ता, या खुर्चीवर, हार गळ्यात असताना कळतंय.

मला आनंद झाला का? झाला. लपवायचं कशाला?

पण आनंद पुरला नाही, तेही सांगते. चंदा नांदेडला डॉक्टर आहे, दर महिन्याला येते. मुटाले अठराव्या वर्षी वडिलांच्या देशात गेला. तिथे आजीकडे राहिला, शिकला, संसार थाटला. मी दर वर्षी विचारते, परत कधी येतोस? मागच्या दिवाळीत फोनवर म्हणाला, “आई, मी तिथला आहे हे मला पुन्हा कुणाकडून लिहून घ्यायचं नाही.” पाच वर्षांचा होता तो. मला वाटलं होतं विसरला असेल. तीन दिवसांच्या उन्हाने याची फेड होते का? मी गणित शिकवलंय. होत नाही.

म्हणून दादा, तुम्ही समारोपात काय बोलाल ते बोला, पण ‘झालं गेलं गंगेला मिळालं’ एवढं वाक्य बोलू नका. मी माफ केलेलं नाही. माफी देणं या पदाच्या कार्यभारात नव्हतं आणि निवृत्तीनंतर तो उद्योग सुरू करायचा माझा विचार नाही.

आणि मार्ता, तुझ्यासाठी एवढंच. तुझ्या मुलांची नावं या शाळेत पहिल्या दिवशी चढली, तुझ्या एका सहीने. त्यासाठी तुझ्यावर सासऱ्यांचे उपकार नाहीत, गावाचे नाहीत, माझेही नाहीत. उद्या कुणी काही मागितलं, तर आधी विचार, कुठे लिहिलंय ते दाखवा. अवधूत, हे सांगितलंस? पुन्हा सांग.

गटशिक्षणाधिकारी साहेब वेळ काढून आले, सविताताईंनी मंडप दिला, सहकाऱ्यांनी माझा कडक स्वभाव चोवीस वर्षं सोसला, विद्यार्थ्यांनी पाढे पाठ केले, सगळ्यांची मी ऋणी आहे. सुलाबाईंचे आभार मानायची माझी लायकी नाही. बोलण्याच्या भरात कुणाला चुकून काही लागलं असेल तर पदरात घ्यावं. जे मुद्दाम बोलले, ते मात्र मुद्दामच बोलले असं समजावं.

शेवटी कार्यभाराची नोंद वाचते, म्हणजे सभेसमक्ष होईल. आज दिनांक एकतीस जुलै रोजी राजेश्री मॅडम यांच्या ताब्यात दिलं: मुख्याध्यापकांचा शिक्का एक, कपाटांच्या किल्ल्या सात, त्यांतली प्रयोगशाळेची वाकडी आहे पण चालते, दाखल-खारीज रजिस्टर, यंदाच्या सोळा जूनच्या पहिल्या दोन नोंदी लीना आणि यान, दोन्ही पूर्ण, संस्थेच्या ठरावाची वही, पाच सह्यांचा ठराव कायद्याला धरून नसल्याच्या माझ्या लेखी शेऱ्यासह.

नव्व्याण्णव सालचं पत्र, तीन सह्या, दोन जागा रिकाम्या, हे कुणाच्याही ताब्यात दिलेलं नाही. ते माझ्याकडे राहील.

भागवतराव गव्हाणे यांना परत: यंदाचं पाच सह्यांचं पत्र, मूळ प्रत, न वापरलेलं. दादा, पोच म्हणून खाली सही करा. तुमची एकट्याची पुरे.