त्र्यंबकभावोजींचा आग्रह

मंडळी, मला एक सांगा — माणसाचा पिंड बदलता येतो का? आणि मुळात पिंड म्हणजे काय? शिकवल्याने येतं ते वळण. रोज केल्याने लागते ती सवय. आणि कुणी शिकवलं नाही, उलट सगळ्यांनी ‘नको, नको’ म्हटलं, तरी हातून जे होतंच — तो पिंड! ‘तिचा पिंडच मास्तरणीचा,’ म्हणतो ना आपण?

तर ऐका! गंगूवहिनींच्या लेकीचं लग्न. तेव्हा पान मांडून पंगत बसायची, वाढायला घरचेच. ताट घेऊन रांगेत उभं राहणं नव्हतं हो!

वऱ्हाड आलं सांगितल्याच्या दीडपट. वहिनींनी बुंदीच्या लाडवांची परात पाहिली — लाडू पुरायचे नाहीत! शेवटची पंगत विहिणीची, मानाची. तिच्या पानात लाडू पडला नाही, तर लेकीला जन्मभर ऐकावं लागणार!

आणि परात कुणाच्या हाती? चुलतदीर त्र्यंबकभावोजींच्या! पिंड आग्रहाचा. पानावर आडवा हात धरला, तर बोटांच्या फटीतून लाडू सारणारे!

“भावोजी, एकेकच वाढा हं.”

“एकेकच, वहिनी! शप्पथ!”

आणि पहिल्याच पानाशी — “अहो, एकटा लाडू रडेल की! जोडी घ्या!” पुढच्या पानात चार!

वहिनी धावल्या. पण पाहुण्यांदेखत दिराला बोलायचं कसं? हसतहसत परात काढून घेतली, हातात पाण्याची झारी दिली. “पाण्याचं तुम्हीच बघा, भावोजी. उन्हातून आलेत बिचारे.”

भावोजी हिरमुसले. पण किती वेळ? झारी उचलली मात्र — “घ्या हो मामा! वाळा घातलाय! हे नवऱ्यामुलाच्या नावाने! हे विहीणबाईंच्या! पाण्याला कसलं ‘नाही’?” मामांनी फुलपात्रावर हात ठेवला — भावोजींनी हातावर ओतलं! पंगत तट्ट फुगली.

“मामा, लाडू?” वहिनींनी विचारलं.

“नको गं बाई! हललो तर सांडेन!”

विहिणीची पंगत बसली, तेव्हा परातीत लाडू चांगले शिल्लक! वहिनींनी डोळे पुसले. “भावोजी, घ्या परात. आता करा हवा तेवढा आग्रह!”

पिंड बदलला का हो? तसूभरही नाही! बदललं ते हातातलं भांडं. आणि आपण? घरातल्या माणसाचा पिंड मोडायला निघतो!

अहो काकू, त्या खांबापाशी बसलेल्या! भजनात मोकळ्या गळ्याने गाणाऱ्या सुनेला मघापासून ‘हळू गा’ म्हणून चिमटे काढताय — पाहिलं मी! ये गं पोरी, टाळ घे. तू पुढे म्हण, काकू मागे म्हणतील. होऊ दे नामाचा गजर — विठ्ठल, विठ्ठल!