अवश्य याऽऽ

माझा जन्म खाडीवरचा. डोंबिवली पश्चिमेला रेतीबंदराच्या अंगाला आमची कोळ्यांची वस्ती होती. आता तिथे टॉवर उभे राहिलेत, खाडी बघायची तर कोणाच्यातरी गच्चीवर जावं लागतं, पण तेव्हा ओटीवर बसलं की पाण्याचा वास यायचा, भरतीचा वेगळा, ओहोटीचा वेगळा, झोपेत सुद्धा मला कळायचं पाणी आत्ता कुठवर आलंय ते. बाप होडी काढायचा, आये पाटी डोक्यावर घेऊन मासे विकायला जायची, निवट्या, बोईट, कोलंबी, जाळ्यात मिळेल ते. आणि आयेचा आवाज, काय सांगू ताई तुम्हाला, ठाकुर्लीच्या चाळीच्या तोंडाशी उभी राहून ती हाक द्यायची, मावरा घ्या गो बायऽऽ, की वरच्या मजल्यावरची बाई तव्यावरची पोळी तशीच टाकून कठड्याला यायची. मला शिकवायची, हाक पोटातून मारायची पोरी, गल्यातून नाय, गला बसतो, पोट बसत नाय.

आयेचा एक नेम होता. ज्या गल्लीत कोणी गेलेलं असेल तिथे ती पाटी डोक्यावरून उतरवून कंबरेला घ्यायची आणि तोंड मिटून ती गल्ली पार करायची. गिऱ्हाईक स्वतःहून आलं तर देईल, पण हाक नाही. मी तिच्या पदराला धरून चाललेली असायची, मी विचारलं, आये, गप का झालीस? तर बोलली, मयताच्या दारात हाक देव नये, गेलेला मानूस मागं वलून बगतो, मंग त्याचा पाय निघत नाय. मला भीती नाही वाटली हो. मी आपली गल्ली संपेपर्यंत मागे बघत चालायची, कोण वळतंय ते बघायला. उन्हात कधी कधी वाटायचं पण, की टोकाला कोणीतरी उभं आहे आणि आमच्याकडे बघतंय.

लग्न होऊन मी पूर्वेला आली, मानपाडा रोडच्या आत, बिल्डिंगमध्ये. मालकांची रिक्षा. सीझनला रिक्षावर भोंगा बांधून जाहिराती फिरवायचे, साड्यांचा सेल, चपलांचा सेल, शाळेचे प्रवेश चालू. एकदा काय झालं, रेकॉर्डिंगला जी बाई यायची ती आलीच नाही, आणि मालक तिथे बोलून बसले की माझी बायको आहे, तिला माईक पण लागणार नाही. मला नेलं. भिंतींना गोधड्या लावलेली खोली, हवा सुद्धा हलत नव्हती. मला एवढंच सांगायचं होतं, सहकुटुंब सहपरिवार अवश्य या. मी डोळे मिटले तर समोर चाळ आली, उन्हातली, डोक्यावर पाटीचा भार आला, आणि तो शेवटचा या आहे ना, तो आपोआप आयेसारखा लांबला, अवश्य याऽऽ. रेकॉर्डिंगवाला बोलला, मावशी, हेच पाहिजे, याच्यात माणूस ओढला जातो.

तेव्हापासून माझा आवाज फिरतोय बघा, कल्याण, ठाकुर्ली, डोंबिवली, पार ठाण्यापर्यंत गेलाय, जिथे मी स्वतः कधी उतरली नाही तिथे. दुपारी डोळा लागलेला असतो आणि लांबून मीच येते. आधी बारीक, मग नाक्यावर मोठी, मग खिडकीखालून जाते आणि परत बारीक होत होत कुठे विरते कळत नाही. आपणच आपल्या दारावरून जातोय आणि घरात शिरत नाही, असं काहीतरी वाटतं. मालक चिडवायचे, घरात तोंड उघडत नाही आणि गावभर बोंबलते.

समोरच्या दारात नलूताई. शाळेत मराठी शिकवायच्या, आता रिटायर. त्यांचं बोलणं स्वच्छ, पुस्तकातलं, माझं हे असं, पण आमची मैत्री झाली ती त्यांच्या अमेयवरून. अमेय लहान असताना माझी रिक्षा गेली की गॅलरीत उभा राहून ओरडायचा, याऽऽ! हुबेहूब. नलूताई रागवायच्या, अरे, मोठ्या माणसांची नक्कल करू नये. मी बोलायची, करू दे हो, पोटातून मारतोय, गळा नाही बसायचा त्याचा. पुढे तो सैन्यात गेला. सुट्टीवर यायचा तेव्हा बेल नाही वाजवायचा. खाली जिन्याच्या तोंडाशी उभा राहून हाक द्यायचा, अवश्य याऽऽ, आणि आम्ही दोघी दोन दारांतून बाहेर यायचो, पिठाच्या हातांनी. एवढा मोठा गणवेशातला माणूस आणि हे असं. मला मूल नाही, ताई. तो या माझा होता.

मग ते झालं. तिकडे वर, डोंगरात, जवानांवर हल्ला झाला. टीव्हीवर दिवसभर तेच चाललेलं, आणि त्या नावांत आमचा अमेय. त्याला आणला तेव्हा रस्ता माणसांनी भरलेला, फुलं पडत होती, मला त्यातलं धड काही आठवत नाही, पाण्याखालून बघितल्यासारखं आठवतं. तोंडं हलतायत आणि आवाज नाही.

त्यानंतर आपलं गाव तीन रंगाचं झालं. खोटं नाही बोलणार, सगळे काही ढोंगी नव्हते. नाक्यावरच्या चांभाराने स्वतःच्या पेटीवर एवढासा झेंडा खोवलेला, त्याला कोणाला काही विकायचं नव्हतं. पण बाकी काय बघायचं? बर्फी तीन रंगाची, ढोकळा तीन रंगाचा, पार्लरमध्ये नखं तीन रंगाची. एका बिल्डरने बोर्ड लावलेला, वीरांच्या भूमीत तुमच्या हक्काचं घर. दुधाची पिशवी आणायला गेली की वाटायचं, मी झोपेतच चाललेय, कोणाचं लग्न आहे की कोणाचं मयत आहे तेच समजेना.

आमच्या रोडवर साड्यांचं एक मोठं दुकान आहे, माझं जुनं गिऱ्हाईकच म्हणा ना, वर्षानुवर्षं त्यांची जाहिरात मीच करते. त्यांच्या शेठच्या मुलाचा फोन आला, मावशी, तिरंगा साडी काढलीय, केशरी पदर, पांढरं अंग, हिरवा काठ, श्रद्धांजली ऑफर ठेवलीय, उद्या रेकॉर्डिंगला या. मी बोलली, बाळा, आमच्या दारात दुखवटा आहे, मी हाक देत नाही. तो बोलला, बरं बरं, राहू द्या. चांगला वागला, मला वाटलं विषय मिटला.

नलूताईंकडे माणसं येऊन बसायची. तुम्हाला तर ठाऊक आहे, आपल्याकडे दुखवट्याच्या घरी कोणी या म्हणत नाही, आणि उठताना कोणी येते म्हणत नाही. गुपचूप यायचं, बसायचं, चपला घालून निघून जायचं. त्या दुपारी पण तसंच, खोली भरलेली, पंख्याचा तेवढा आवाज. नलूताई भिंतीला टेकून डोळे मिटून बसलेल्या. आणि लांबून बँड ऐकू आला, देशभक्तीचा. रिक्षा होती. आधी एका पुरुषाचा भारदस्त आवाज, वीर जवानांना भावपूर्ण श्रद्धांजली. मग साडीचं, काठाचं, पदराचं. आणि मग, ताई, माझा आवाज. कुठल्यातरी दिवाळीचा, खुशीतला, हसरा, तिथून कापून इथे चिकटवलेला. सहकुटुंब सहपरिवार अवश्य याऽऽ.

मी तिथे बसलेली आणि मीच खालून ओरडत जात होती. खोलीतल्या सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी हाताने तोंड दाबलं, जसं काही ते माझ्या तोंडातूनच येतंय. नलूताईंनी डोळे उघडले नाहीत, फक्त त्यांची मान थोडी वळली, खिडकीकडे. मी गॅलरीत धावली तर रिक्षाच्या मागे फ्लेक्स बांधलेला, आणि त्यावर अमेयचा गणवेशातला फोटो, बाजूला साडी नेसलेली मॉडेल, हात जोडून हसणारी. रिक्षा वळली आणि तो पण तिच्याबरोबर वळून गेला.

मला एकच धास्ती. नलूताईंना वाटणार, हिने आमच्या पोराच्या मरणावर आवाज विकला. ते कसं पुसायचं? मी बोलली जरी की मी नाही केलं, आवाज तर माझाच होता ना, आणि तो त्यांच्या अमेयच्या तोंडचा होता.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं तशी मी जाऊन उभी राहिली. मुलगा बोलला, मावशी, सगळे करतायत, आपण केलं तर काय बिघडलं, आम्ही पण देशासाठीच करतोय, आणि आवाज तर तुम्ही आधीच दिलेला आहे आम्हाला. मी बोलली, दिवाळीचा दिलेला, मयताचा नाही दिला. तो बोलला, अहो पण या मध्ये वाईट काय आहे? सांगा ना, या मध्ये काय वाईट आहे? आता याला काय सांगायचं. गादीवर म्हातारे शेठ बसलेले, त्यांची बायको गेली होती त्याच साली. मी त्यांच्याकडे वळली, बोलली, शेठ, वहिनी गेल्या तेव्हा तुमच्या दारात मी येऊन बसली होती, उठताना मी काय बोलली? शेठने हातातली वही बंद केली. मग बोलले, काही नाही बोललीस. शेठने मुलाला सांगितलं, पोराचा फोटो उतरव, आणि बाईंचा या काढून टाक.

आणि खरंच तेवढंच काढलं हो! शब्दाला जागले. दुसऱ्या दिवशी रिक्षा गेली, अमेयचा फोटो नव्हता, आणि भोंगा बोलत होता, सहकुटुंब सहपरिवार अवश्य, आणि तिथे खड्डा. मग बँड. त्याही स्थितीत मला हसायला आलं, आणि मग रडायला आलं. तो खड्डा गल्लीगल्लीतून फिरत होता.

नलूताई बोलत नव्हत्या, पण त्या कोणाशीच बोलत नव्हत्या, म्हणून मला अंदाज येईना. मी रोज संध्याकाळी जाऊन बसायची, दिवा लावायची, काही न बोलता उठायची. एका संध्याकाळी, माणसांची ये-जा थांबलेली, आम्ही दोघीच. रिक्षा खालून गेली, तो खड्डा गेला. आणि नलूताई बोलल्या, अगं, तुझा आवाज का नाही येत आता?

मी पाय धरले त्यांचे. बोलली, ताई, मी नाही हो दिला तो, त्यांनी जुना चिकटवला, मी जाऊन काढायला लावला. त्या बोलल्या, का काढलास? मी आयेचं सांगितलं, की मयताच्या दारात हाक दिली की गेलेला माणूस मागे वळून बघतो, त्याचा पाय निघत नाही.

नलूताईंनी मान खिडकीकडे वळवली. मग बोलल्या, अगं मग, वळू दे की गं.

एवढंच. परत बोलल्या, इतकी माणसं आली, मुकाट आली, मुकाट गेली. कोणी या म्हणालं नाही. मी त्या दुपारी डोळे मिटून बसले होते, आणि जिन्याखालून हाक आली. मला वाटलं, उठावं, हाताला पीठ आहे. तेवढंसंच वाटलं, एक क्षण. पण तेवढ्यापुरता तो आला होता गं.

मी काय सांगू तुम्हाला. मी त्या दुकानात भांडून जे काढून आणलं होतं, तेच त्यांना पाहिजे होतं. पण दुकानाचं बरोबर होतं असं मी अजून म्हणत नाही, मरेपर्यंत म्हणणार नाही. त्यांनी हाक दिली ती साडीला दिली. ती नलूताईंपर्यंत पोचली यात त्यांचं काही कर्तृत्व नाही, वारा पण खिडकीतून येतो, तो काय आपल्यासाठी येतो?

आता ते सगळं उतरलंय. तिरंगा साडी दुकानात कोपऱ्यात घडी घालून पडलीय, बिल्डरच्या बोर्डावर आता कुठल्यातरी सणाच्या शुभेच्छा आहेत. चांभाराचा झेंडा त्याने पेटीत जपून ठेवलाय, विटायला नको म्हणून. मी परत रेकॉर्डिंग करते, पोट आहे, करायला पाहिजे. पण आधी विचारते, कशाची जाहिरात आहे, कुठे फिरणार आहे, आणि सांगते, माझा आवाज कापायचा नाही, जोडायचा नाही.

आणि संध्याकाळी, दिवे लागायच्या वेळेला, मी खाली जाते, जिन्याच्या तोंडाशी. भोंगा नाही, माईक नाही. पोटातून, पण हळू, एकदाच, अवश्य याऽऽ. वर नलूताईंचं दार उघडल्याचा आवाज येतो. कोणी मागे वळत असेल तर वळू दे. आये रागवेल देवाघरी भेटल्यावर, तेव्हाचं तेव्हा बघू. मग मी वर जाऊन बसते, चहा घेते, आणि निघताना आता बोलते, येते हां ताई. त्या म्हणतात, ये.

चला, तुम्हाला पण उशीर झाला, डोंबिवलीच्या रिक्षा तुम्हाला माहीत आहेत. अहो, जाते नका म्हणू. येते म्हणा. सुखाने घरी पोचा, तुमच्या दारात कोणाची वाट बघायची वेळ न येवो, जे गेलेत ते संध्याकाळी परत येवोत. या हं. या.